सोवळ्यांची दोन मापे

सावकाराच्या ओसरीवर पूर्वी दोन पायल्या असत. कुळाकडून धान्य घ्यावयाची एक आणि कुळाला धान्य द्यावयाची दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्या. पण एकीचा तळ खोल, तर दुसरीचा वर आलेला. हा कावा आमच्या शेतकरी वाचकांना नव्याने सांगावयास नको. परंतु धान्याच्या मापातली ही लबाडी आमच्या लोकांनी जशी ओळखली, तशी कलेच्या मापातली अद्याप ओळखलेली नाही. गाणे, नाटक, वग, कविता यांवर कोणी 'अश्लील' असा छाप मारला की आमची शहाणीसुरती माणसेही मान खाली घालून बसतात. छाप कोणी मारला, कोणत्या मापाने मारला, हे कोणी विचारीत नाही. ते आज आम्ही विचारणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लाजेची रेघ कोणा देवाने ओढलेली नाही. काळ पालटतो, रिवाज पालटतो आणि रिवाजाबरोबर ही रेघही सरकते. तिच्या सरकण्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार ही की, रेघ ओढणाऱ्यांनी शब्द कोणता हे क्वचितच पाहिले. तो शब्द कोण बोलतो आणि कोण ऐकतो हेच नेहमी पाहिले. वाड्यात जे रसिकपण ठरले तेच वेशीबाहेर चावटपण ठरले.

पुरावा पाहा. आपल्या महाराष्ट्राची सर्वांत जुनी कविता म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर ती सातशे गाथांची पोथी आहे. तीत देवांच्या लढाया थोड्या आणि नांगर धरणारे गडी, पाटलाच्या लेकीसुना, पिकाची राखण करणाऱ्या पोरी फार. गोदाकाठच्या झाडीत कोण कोणाची वाट पाहते, हे त्यांत मोकळेपणी सांगितले आहे. ही पोथी आज पंडितांच्या कपाटात मानाने बसली आहे, आणि बसावीच. पण त्याच नांगरधाऱ्याच्या नातवाने तीच गोष्ट आपल्या बोलीत, ढोलकीच्या तालावर सांगितली, तर त्याला ग्राम्य म्हणावयाचे, हा कोणता न्याय?

पुढे पेशवाई आली. लावणी तेव्हा ऐन भरात होती. ती रचणारे कोण होते? होनाजी जातीचा गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. रामजोशी आणि प्रभाकर हे ब्राह्मण. तेही याच फडात आले. दूध घालणारा, कपडा शिवणारा, हत्याराला धार लावणारा आणि पोथी वाचणारा, असे सारे एका ढोलकीभोवती बसले होते. दुसऱ्या बाजीरावाने होनाजीला आश्रय दिला. तेव्हा लावणीने धर्म बुडाला, अशी ओरड दक्षिणा घेणाऱ्यांपैकी किती जणांनी केली? धनी ऐकत होता, म्हणून ती कला होती.

१८१८ साली पेशवाई गेली. आश्रय तुटला आणि नव्या शाळांतून शिकलेला वर्ग उभा राहिला. साहेबाच्या देशात तेव्हा जी लाजेची रीत चालू होती, ती त्याने आपली म्हणून उचलली आणि त्या चष्म्यातून आपल्याच मुलखाकडे पाहिले. लावणी त्याला एकाएकी घाणेरडी दिसू लागली. गंमत अशी की माणसे घाणेरडी ठरली तरी त्यांच्या चाली गोडच राहिल्या! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले. त्या काळच्या संगीत नाटकांच्या पदांत लावणीच्या चाली सुखाने नांदत होत्या. आणि त्याच होनाजीची भूपाळी पांढरपेशांच्या घरात पहाटे भक्तीने ऐकली जाऊ लागली. चाल घेतली, भूपाळी घेतली. फड मात्र वेशीबाहेर ठेवला. गाय दावणीला बांधावयाची आणि गवळ्याला दारात उभे करावयाचे नाही, अशातला हा प्रकार.

आता कोणी म्हणेल की हा केवळ शृंगाराचा वाद आहे. तसे नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणब्याच्या बायकोला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीती घालून कसा नागवतो, याची ती कथा. शेवटी ही दोघे शाळेची वाट धरतात. यात शृंगाराचा लवलेश नाही. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते छापून निघाले १९७९ साली! म्हणजे एकशे चोवीस वर्षे ते अंधारात राहिले. त्यावर बंदीचा हुकूम नव्हता, पोलीस नव्हते, खटला नव्हता. चाळण ज्याच्या हाती, त्याने दाणा खाली पडू दिला नाही, इतकेच. वाचकांनी हे नीट ध्यानात ठेवावे. कात्री दिसते, चाळण दिसत नाही. आणि कात्रीपेक्षा चाळणीने आमचे अधिक नुकसान केले आहे.

कायद्याची कथा तर याहून बोधप्रद आहे. अश्लीलतेची जी कसोटी आपल्या न्यायालयांनी पुष्कळ वर्षे वापरली, ती १८६८ साली विलायतेत हिक्लिनच्या खटल्यात ठरली. तो खटला कशावरून झाला? ख्रिस्ती पाद्री पापाच्या कबुलीच्या निमित्ताने बायकांना कसले प्रश्न विचारतात, हे उघड करणारी एक पुस्तिका हेन्री स्कॉट नावाचा धातूचा दलाल विकत होता. म्हणजे धर्मगुरूंचे बिंग फोडणारे ते पुस्तक! न्यायाधीशांनी त्याचा हेतू बाजूला ठेवला आणि कसोटी ही लावली की, ज्यांची मने अशा गोष्टींनी बिघडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती हे पडेल, त्यांना ते बिघडवील काय? शब्द कसा आहे यापेक्षा तो कोणाच्या हाती पडेल, हा प्रश्न आला. महाग पुस्तक शहाण्याच्या कपाटात राहील, म्हणून ते चालेल. स्वस्त पुस्तक गरिबाच्या हाती जाईल, म्हणून ते जाळा, असाच या कसोटीचा व्यवहारात अर्थ होतो. दोन पायल्यांवर सरकारी मोहोर बसली ती अशी.

आपल्याकडे १८७६ साली इंग्रज सरकारने नाटकांना वेसण घालणारा कायदा केला. १९१० साली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली, कारण कीचकाच्या आड लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. तेव्हा पुण्यातले सारे सुशिक्षित चवताळून उठले आणि ते योग्यच झाले. पण स्वराज्य उंबरठ्यावर येताच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली, तेव्हा कलेच्या स्वातंत्र्याची ती गर्जना कोठे गेली? शेकडो फड बसले. ज्यांचे पोट ढोलकीवर होते त्यांच्या चुली विझल्या. पुढे बंदी सैल झाली, पण अटींवर. वग आधी लिहून आणा, तपासून घ्या, मग बोला! ज्या कलेचा जीवच आयत्या वेळच्या हजरजबाबी बोलण्यात आहे, तिला लिहून आणा म्हणणे म्हणजे मोटेच्या बैलाला आधी पावलांचा हिशेब दे म्हणण्यासारखे आहे. तेव्हा अण्णाभाऊ साठ्यांनी युक्ती काढली. त्यांनी तमाशाचा बाज ठेवून त्यात गिरणी कामगाराचे आणि शेतमजुराचे दुःख भरले, आणि त्याला लोकनाट्य म्हटले. नाव बदलताच तीच ढोलकी सभ्य झाली. माप कसे खोटे होते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

१९७२ साल म्हटले की आमच्या वाचकांना दुष्काळ आठवतो. खडी फोडण्याची कामे आठवतात. त्याच साली मराठी कलेत काय झाले ते पाहा. तमाशाच्या नादी लागून एक मास्तर धुळीला मिळतो, हे दाखविणारा 'पिंजरा' चित्रपट गाजला. त्यात फड होता, लावण्या होत्या. सहकुटुंब पाहिला गेला, कारण मास्तराचे वाटोळे फडाने केले, असा बोध त्यात होता. त्याच साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' आले. त्यातला सखाराम जन्माने ब्राह्मण आणि धंद्याने पुस्तके बांधणारा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणून ठेवतो आणि राबवून घेतो. यात लावणी नाही, नाच नाही. आहे ते बाईच्या सोसण्याचे उघडे चित्र. त्यावर परिनिरीक्षण मंडळाची कात्री चालली, प्रयोग अडले, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेथे ते जिंकले. त्याच साली 'घाशीराम कोतवाल' आले. नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून पुण्यात गहजब उडाला. आणि त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला, तेव्हा सभ्य वाचकांनी नाके मुरडली. ज्या गल्लीत माणसे राहतात ती गल्ली नाकाला चालते, तिचे शब्द तेवढे चालत नाहीत!

न्यायालयांनाही अखेर रेघ सरकते हे मान्य करावे लागले. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली त्यांना सोडताना न्यायालयाने म्हटले की, अश्लीलतेची कल्पना देशोदेशी त्या त्या काळच्या समाजाच्या नीतिकल्पनेप्रमाणे निराळी असते. २०१४ साली तर सर्वोच्च न्यायालयाने ती हिक्लिनची जुनी कसोटी टाकूनच दिली आणि चालू काळच्या समाजाचे मान पाहावे असे ठरविले. हे पाऊल पुढचे आहे. पण आमचा प्रश्न उरतोच. हा 'समाज' कोणता? जत्रेत रात्रभर घोंगडी अंथरून बसणारा की बंगल्यात बसून त्याच्यावर अभिप्राय देणारा? पुस्तक छापण्यापूर्वी ते सरकारला दाखवावे लागत नाही. नाटक मात्र आपल्या राज्यात परिनिरीक्षण मंडळापुढे आधी ठेवावे लागते. याविरुद्ध अमोल पालेकरांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. वाचणाऱ्यावर विश्वास आणि पाहणाऱ्यावर पहारा, असा हा भेद आहे. पूर्वी वाचणारा कोण होता आणि पाहणारा कोण होता, हे आम्ही सांगावयास नको.

येथे आमची एखादी भगिनी विचारील, "तुम्ही लावणीची बाजू मांडता, पण फडावर नाचणाऱ्या बाईचे काय? तिच्यावर नोटा फेकणारे कोण, आणि रात्री तिच्या राहुटीशी घुटमळणारे कोण?" हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. कोल्हाटी, महार, मांग यांच्या लेकींनी नाचावे आणि बाकीच्यांनी पाहावे, अशी ही जातीची वाटणी होती. खंडोबाला मुरळी सोडणे हा धर्म नव्हता, गरिबाच्या लेकीचा बळी होता. शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्रा'तून त्या चालीवर कोरडे ओढले ते योग्यच केले. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या रक्षणाचा कायदा झाला, तोही योग्यच. पण त्या कायद्याचे तोंड कोणाकडे होते, हे पाहा. पोरीला देवाच्या नावाने सोडणाऱ्याकडे! तमाशाबंदीचे तोंड कोणाकडे होते? नाचून पोट भरणाऱ्या बाईकडे. एका कायद्याने अत्याचार धरला. दुसऱ्याने अत्याचार करणारा मोकळा ठेवून सोसणारीची भाकर काढून घेतली. आम्ही पहिल्याच्या बाजूचे आहोत आणि दुसऱ्याच्या विरुद्ध आहोत. यात विसंगती ज्याला दिसेल त्याने आपला चष्मा पुसावा.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे उदाहरण घ्या. मांगाच्या घरची लेक. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून तिचा गौरव झाला. त्याच बाईचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले आणि २००२ साली ती वारली. आज शासन तिच्या नावाने पुरस्कार देते. पदक जिवंतपणी मिळाले, पुरस्काराला नाव मेल्यावर मिळाले; निश्चिंत म्हातारपण मात्र मिळाले नाही. जे सोवळे लोक लावणीच्या शब्दांची चिंता वाहतात, त्यांनी लावणी म्हणणारीच्या म्हातारपणाची चिंता किती वाहिली?

रिवाज बदलतो तो नेहमी वाईटाकडेच बदलतो, असेही आम्ही म्हणत नाही. पूर्वी वगात महारा-मांगाच्या तोंडी लाचार बोलणे घालून हशा पिकविला जाई. विधवेची, काळ्या बायकोची, वांझेची टर उडविली जाई. आज असा विनोद केला तर लोक उठून जातात. ही रेघही सरकली आहे आणि ती योग्य दिशेने सरकली आहे. ती कोणी सरकविली? सेन्सॉरच्या कारकुनाने नव्हे. सत्यशोधकी जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी गावोगाव रात्री जागवून लोकांना माणुसकी शिकविली, म्हणून ती सरकली. त्या जलशांनी तमाशाचा बाज टाकला नाही. त्याच बाजात नवा विचार ओतला. वाईट कलेला उतारा चांगल्या कलेचा, हा धडा आपल्या वडीलधाऱ्यांनीच घालून दिला आहे.

आता आमच्याच लोकांना चार कडू शब्द. पूर्वी कात्री दुसऱ्याच्या हाती होती, म्हणून ओरडणे सोपे होते. आज ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कारखाना, विधानसभा, सगळीकडे बहुजनांची माणसे बसली आहेत. कात्री आता आपल्याही हाती आली आहे. मग आपण तिचे काय करतो? ५ जानेवारी २००४ रोजी शिवरायांच्या नावाने निघालेल्या जमावाने पुण्यातल्या भांडारकर संस्थेत शिरून नासधूस केली. कारण काय, तर एका परदेशी लेखकाचे पुस्तक. त्या पुस्तकातल्या बाष्कळ मजकुराने आमचेही रक्त तापले होते. पण फोडलेली कपाटे कोणाची होती? ज्या पोथ्यांतून आपल्याच पूर्वजांचा इतिहास उकरावयाचा, त्यांची! सरकारने पुस्तकावर बंदी घातली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. हाती काय राहिले? जोतीरावांच्या काळीही शिवरायांना गोब्राह्मणप्रतिपालक ठरवून त्यांचे कुणबीपण झाकणारे लोक होते. जोतीरावांनी कोणाचे कपाट फोडले नाही. त्यांनी १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहून छापला. पोवाड्याला उत्तर द्यावे लागते. दगडाला उत्तर द्यावे लागत नाही, त्याची फक्त फिर्याद होते.

बाबासाहेबांचे वागणेही पाहा. 'देशाचे दुष्मन' या जहाल पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर खटला झाला, तेव्हा अपिलात त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढविली आणि त्यांना सोडविले. पुढे १९३४ साली चित्पावन घरात जन्मलेल्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही बाबासाहेबच उभे राहिले. तो खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण तत्त्व एकच राहिले. वकिलाने आरोपीची जात पाहिली नाही. एक माप घेऊन तो दोन्ही ओसऱ्यांवर गेला. भटशाही जानव्यात नसते, ती दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप घालण्याच्या वृत्तीत असते. ती वृत्ती पाटलाच्या वाड्यात शिरली तर तीही भटशाहीच होय.

म्हणून आमच्या वाचक बंधुभगिनींना आमचे सांगणे हे. नाटक आधी तपासून घेण्याची ही सरकारी चाल मोडली पाहिजे. बेकायदा काही घडले तर पुस्तकाप्रमाणेच मागाहून न्यायालय आहे. गावच्या जत्रेत फड बोलवाल तर ठरलेली सुपारी वेळेवर आणि पुरती द्या. कलावंत बायांच्या राहुटीभोवती पंचांनी स्वतः पहारा ठेवा, आणि जो अंगचटीला जाईल त्याला, तो कितीही मोठ्या घरचा असला तरी, पोलिसांच्या हवाली करा. गावाची अब्रू बाईच्या पदरावर अवलंबून नाही, ती आपल्या पोरांच्या वागणुकीवर अवलंबून आहे. फडातल्या मुलांसाठी शाळा आणि म्हाताऱ्या कलावंतांसाठी पोटापुरते वेतन मागा. आणि एखादे गाणे, एखादे नाटक खरोखरच हलके वाटले, तर उठून जा, टीका करा, आपल्या पोरांना दुसरे चांगले रचावयास लावा. बंदीचा अर्ज मात्र लिहू नका. आज ज्या अर्जावर तुमची सही आहे, त्याच अर्जाच्या कागदावर उद्या तुमच्या पोवाड्याचे नाव लिहिले जाईल.

पायली एकच ठेवा. घेताना तीच, देताना तीच. आपल्याला बोचले ते दुसऱ्याने ऐकावे आणि दुसऱ्याला बोचले ते आपणही ऐकावे, इतका धीर ज्या समाजाला आला, त्या समाजाला कोणी दुसऱ्या मापाने फसवू शकत नाही.